खात्रीचं रक्त

तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि नवऱ्याच्या तोंडी होतं. बाकी सगळ्यांसाठी ती खात्रीबाई. दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या दारातून आत गेलं की डाव्या हाताला रक्ततपासणीची खोली होती. तिथे येणाऱ्या नव्या माणसाला हे नाव का पडलं ते पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं, आणि तीही ते ऐकताना उगाच काहीतरी पुसत बसायची. नाव तिला आवडायचं, हे कुणापासून लपलेलं नव्हतं.

भानगड अशी होती. एचआयव्ही तपासणीच्या किटचा नवा खोका आला की तो थेट माणसांवर वापरायचा नाही, आधी त्याचीच परीक्षा घ्यायची. एका पट्टीवर आजार असल्याचं ठाऊक असलेलं रक्त घालायचं, दुसरीवर आजार नसल्याचं ठाऊक असलेलं. पहिलीवर रेघ उमटली पाहिजे, दुसरीवर उमटता कामा नये. पहिल्या प्रकारच्या कुप्या मोठ्या प्रयोगशाळेतून बर्फात घालून यायच्या. दुसऱ्या प्रकारच्याही यायच्या, पण फक्त कागदावर. म्हणून अकरा वर्षांपूर्वी खात्रीबाईनं एके दिवशी वैतागून बाही वर केली आणि म्हणाली, "माझं घ्या, मला काय होणार आहे." तेव्हापासून दर महिन्याच्या सुरुवातीला तिचं रक्त काढायचं, त्यातलं पिवळसर पाणी वेगळं करायचं, वीस लहान कुप्यांत भरायचं आणि फ्रीजरमध्ये ठेवायचं. कुप्यांवर तिचं नाव नसे. फक्त 'खात्री' आणि तारीख.

अकरा वर्षांत तिच्या रक्तानं तीन खोके नापास केले होते. तिन्ही वेळा खोकाच खराब निघाला होता. तिच्या रक्ताबद्दल शंका घ्यायचं कुणाच्या मनातही येत नसे. घड्याळ लावायला ज्याच्याकडे बघायचं, ते घड्याळ कोण तपासतो?

त्या दिवशी सकाळी नवा खोका उघडला. हा नुसता नवा खोका नव्हता, नव्या पद्धतीचं किट होतं. आतापर्यंतची जुनी पट्टी फक्त प्रतिपिंडं ओळखायची, म्हणजे विषाणू अंगात शिरल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध जे तयार करतं, ते. नव्या पट्टीवर दोन खुणा होत्या. पहिली खूण खुद्द विषाणूच्या तुकड्याची, दुसरी प्रतिपिंडांची. जुना साठा संपेपर्यंत नवं उघडायचं नाही, असा वरून हुकूम होता. साठा आदल्या दिवशी संपला होता.

तिनं चालू महिन्याची कुपी विरघळवली, पट्टीवर थेंब टाकला, गजर लावला आणि पाठ फिरवून चहाचा कप विसळायला गेली. वीस मिनिटांनी गजर वाजला. लांब्या आधी पोहोचला. लांब्या म्हणजे तिच्या हाताखालचा रक्त काढणारा माणूस, दाराच्या चौकटीला दिवसातून दोनदा डोकं आपटणारा.

"बाई, खोका गंडलाय," तो म्हणाला.

तिनं पाहिलं. पट्टी नीट चालली आहे हे दाखवणारी वरची रेघ ठळक होती. प्रतिपिंडांची जागा कोरी होती. आणि पहिल्या खुणेपाशी, जिथे काहीच नको होतं, तिथे फिकट गुलाबी रेघ होती. लिपस्टिक लावलेला कप धुतल्यावर काठाला राहते ना, तेवढी.

"दुसरी पट्टी घे," ती म्हणाली.

दुसरीवरही तेच. तिसरीवरही.

"परत पाठवून देऊ. तुमचं रक्त खोटं बोलणार आहे का?" असं म्हणून लांब्या हसला आणि मोठ्या बाईंना बोलवायला गेला.

मोठ्या बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टर. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या, चष्मा कपाळावर, आवाज कायम घाईतला. त्यांनी तीन पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या. "सगळा लॉटच खराब दिसतोय. मी पत्र टाकते. तोवर जुन्यातले चार-दोन डबे शेजारच्या दवाखान्यातून उसने आणा," त्या म्हणाल्या, आणि आपल्या खोलीत जाऊन पत्र लिहायला बसल्या.

खात्रीबाई स्टुलावर तशीच बसून राहिली. डाव्या हाताचा अंगठा तिनं मुठीत घट्ट धरला होता. कधी धरला, ते तिलाही कळलं नव्हतं.

बावीस दिवसांपूर्वीची गोष्ट. रक्त घुसळायच्या यंत्रात एक काचेची नळी फुटली. असं वर्षातून एक-दोनदा व्हायचंच. यंत्र थांबवायचं, अर्धा तास झाकण उघडायचं नाही, मग चिमट्यानं काचा उचलायच्या, असा नियम. तिनं अर्ध्या तासाऐवजी पाच मिनिटं थांबून झाकण उघडलं, कारण बाहेर रांग होती. आणि शेवटचा बारीक तुकडा चिमट्यात येईना, म्हणून बोटांनी उचलला. हातमोजा काढल्यावर अंगठ्याच्या पोटावर रक्ताचा एक ठिपका दिसला, मोहरीएवढा. तिनं पाच मिनिटं नळाखाली हात धरला.

नियम पुढेही होता. असं काही झालं की दुखापतीच्या वहीत लिहायचं आणि लगेच गोळ्या सुरू करायच्या. काही तासांत घेतल्या तर उत्तम, तीन दिवसांनंतर उपयोग नाही. अठ्ठावीस दिवस घ्यायच्या. हे ती स्वतः नव्या मुलींना शिकवायची. पण वहीत लिहिलं की त्या माणसाचं रक्त सहा महिने खात्रीचं म्हणून वापरता येत नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुप्यांवर दुसऱ्या कुणाचं तरी रक्त येणार. तिला ते नको होतं. इतकं साधं आणि इतकं मूर्खपणाचं कारण होतं ते, आणि आता स्टुलावर बसून तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

अर्थात तेव्हा तिनं स्वतःची समजूत घातली होती. फुटलेली नळी एका शिंपिणीची होती. बाळंत होऊन चार महिने झालेली, अंगात ताप, घसा बसलेला, अंगावर बारीक पुरळ. डॉक्टरांनी सगळ्याच तपासण्या लिहून दिल्या होत्या. नळी फुटली म्हणून तिला परत बोलावून रक्त घ्यावं लागलं. खात्रीबाईनं माफी मागितली तर शिंपीण म्हणाली, "घ्या हो ताई. सुईला मी भ्यायले तर दुकान कोण चालवील?" मांडीवर मूल होतं. ते आईच्या ओढणीचं टोक चोखत होतं.

खात्रीबाईनं त्या रक्ताची तपासणी सगळ्यांच्या आधी केली, स्वतःच्या हातानं. जुन्या किटवर. रेघ आली नाही. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं बाहेर जाऊन सांगितलं, "काही नाही तुम्हाला. साधा ताप आहे." शिंपीण हसली आणि खात्रीबाईही हसली, तिच्यापेक्षा जरा जास्तच. आणि त्या हसण्याच्या भरात रोज शंभरदा म्हणायचं एक वाक्य राहून गेलं. सहा आठवड्यांनी पुन्हा या.

त्यानंतर बारा दिवसांनी खात्रीबाईला ताप आला. घसा दुखला, छातीवर पुरळ उठलं, डाव्या काखेत गाठ आली. चार दिवस ती घरी पडून होती. नवरा म्हणाला, साथ आहे सगळीकडे. तीही म्हणाली, साथ आहे. त्यामुळेच तर या महिन्याचं रक्त एक तारखेला न काढता पाच दिवस उशिरा काढलं होतं.

आता तिनं हळूच काखेत बोट घालून पाहिलं. गाठ अजून होती. वाटाण्याएवढी, दाबली की सरकणारी.

शिकवायचं म्हणून तिनं कितीदा सांगितलं होतं हे. विषाणू शिरला की पहिले काही दिवस बाहेर काही कळत नाही. कातडीखालच्या पहारा देणाऱ्या पेशी त्याला धरतात आणि जवळच्या गाठीत घेऊन जातात, हा बघा कोण आलाय म्हणून. तिथेच घात होतो. गाठीत ज्या पेशी बाकीच्यांना हुकूम देतात, नेमक्या त्याच पेशींत हा घर करतो. दोन-तीन आठवड्यांत रक्ताच्या थेंबाथेंबात तो हजारोंनी वाढतो. मग शरीर खडबडून जागं होतं. ताप, घसा, पुरळ, गाठी, हे सगळं शरीराचं झुंजणं. मारणाऱ्या पेशी निघतात, बिघडलेल्या पेशी शोधून संपवतात, विषाणू खाली येतो, ताप उतरतो. माणसाला वाटतं, बरा झालो. प्रतिपिंडं मात्र सगळ्यांच्या मागून येतात. "कपडा मापानं शिवायचा असेल तर वेळ लागणारच," असं ती मुलींना सांगायची. "तोवर जुनी पट्टी कोरीच दिसेल. कोरी दिसते म्हणून फसू नका."

मुलींना सांगायची. स्वतः फसली होती.

अजून एक वाट होती. ती फक्त तिलाच सुचणं शक्य होतं, कारण फ्रीजरच्या कोपऱ्यात काय पडलंय ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गेल्या महिन्याच्या वीस कुप्यांतली एक उरली होती. ते रक्त नळी फुटायच्या आधीचं. खोका खराब असेल तर त्या रक्तालाही हीच गुलाबी रेघ यायला हवी. ती आली तर सगळं ठीक. नाही आली तर खोका चांगला आहे.

जेवायच्या सुट्टीत लांब्या डबा घेऊन बाहेर गेला. तिनं आतून कडी लावली. कुपी तळहातात धरून विरघळवली. हात इतके गार पडले होते की बर्फ वितळता वितळेना. थेंब टाकताना पहिला थेंब पट्टीबाहेर पडला. तिनं दुसरी पट्टी घेतली, गजर लावला, आणि या वेळी पाठ फिरवली नाही.

वीस मिनिटं ती एका गुलाबी रेघेसाठी देवाची करुणा भाकत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या रक्तावर रेघ हवी होती. ये, ती मनात म्हणत होती. एवढीशी ये. फिकट ये, पण ये. मोठ्या बाईंच्या खोलीतून पत्र टाइप केल्याचा आवाज येत होता. तिच्या कपाळावरचा घाम ओघळून पापणीत उतरला, तरी तिनं डोळे पुसले नाहीत.

गजर वाजला. वरची रेघ ठळक होती. खाली पांढरं शुभ्र.

ती खाली फरशीवर बसली, कपाटाला टेकून. पहिल्यांदा आठवला तो नवरा. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, संध्याकाळी रॉकेलनं हात पुसत दारात उभा राहणारा. मग वाटलं, मी मरणार. मग स्वतःलाच बजावलं, मरत नाही कुणी आता, गोळ्या आहेत. पण हे बजावणं कोरडं होतं, ते आत कुठे पोहोचत नव्हतं. आत फक्त एक भीती होती, आणि ती लहान मुलासारखी एकच शब्द धरून बसली होती. नको.

कचऱ्याची लाल पिशवी हाताच्या अंतरावर होती. पट्टी तिच्यात टाकली, रिकामी कुपी टाकली, की संपलं. खोका खराब म्हणून परत जाईल. पुढच्या महिन्यात काहीतरी निमित्त काढून ती म्हणेल, आता दुसऱ्या कुणाचं तरी घ्या. दूरच्या एखाद्या दवाखान्यात जाऊन गुपचूप गोळ्या घेईल. कुणाला काही कळणार नाही. तिनं पट्टी उचललीही.

आणि ओढणीचं टोक चोखणारं ते मूल तिच्या डोळ्यांसमोर आलं.

रेघ खरी असेल तर ती एकाच ठिकाणाहून आली होती. म्हणजे त्या दिवशी शिंपिणीच्या रक्तात विषाणू होता, अगदी ताजा, भरपूर, आणि जुनी पट्टी त्याला आंधळी होती. काही नाही तुम्हाला, असं सांगून तिनं त्या बाईला घरी पाठवलं होतं. बावीस दिवस. रोज पाच-सहा वेळा ते मूल आईचं दूध पीत असणार. आत्ता या क्षणीही पीत असेल.

खात्रीबाई उठली. कपाटाला धरून उठावं लागलं. पट्टी हातात घेऊन ती मोठ्या बाईंच्या दारात गेली.

"पत्र पाठवू नका," ती म्हणाली. "खोका चांगला आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. खात्रीबाईनं सगळं सांगितलं, नळीपासून फ्रीजरपर्यंत, एका दमात, उभ्या उभ्या.

"वहीत का नाही लिहिलंस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाव जाईल म्हणून."

"कसलं नाव?"

मोठ्या बाई उठल्या, दार लावलं आणि तिला आपल्या खुर्चीत बसवलं. मग एकदम रागावल्या. "गाढव आहेस. आणि मीही गाढव आहे. अकरा वर्षं तुझं रक्त वापरलं, एकदाही तुला वेगळं तपासलं नाही." त्यांनी तिथेच तिचं रक्त काढलं, लांब्याला न बोलावता, स्वतःच्या हातानं. विषाणू थेट मोजणाऱ्या चाचणीसाठी ते मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. मग त्यांनी शिंपिणीचा नंबर शोधून फोन लावला. फोन बंद होता. दुकानाला कुलूप होतं. शेजारणीनं लांब्याला सांगितलं की ती माहेरी गेली आहे, तीन-चार दिवसांनी येईल. लांब्या निरोप ठेवून आला, आणि का बोलावलंय ते त्यानं एकदाही विचारलं नाही. त्यालाही बहुधा कळलं होतं.

ते चार दिवस खात्रीबाई जगली कशी, ते तिचं तिलाच माहीत. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो ब्रश धूत होता. त्यानं ब्रश धुऊन पुरा केला, उलटा करून डब्यात ठेवला, आणि विचारलं, "दुखतं का?"

"नाही."

"मग माझंही तपासायचं ना? उद्या येतो." एवढंच म्हणाला आणि तिच्या शेजारी येऊन बसला. हात मात्र त्यानं स्वतःच्याच मांडीवर ठेवला होता. त्याच्या पट्टीवर काही आलं नाही. पण काही न येणं म्हणजे काय, हे आता त्या घरात दोघांनाही नीट ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी सकाळी खात्रीबाईचा कागद आला. त्यावर विषाणूंची सात आकडी संख्या होती. मोठ्या बाई काही सांगायला लागल्या, की सुरुवातीला एवढी येतेच, गोळ्यांनी खाली जाईल, लवकर सापडलं हे चांगलं झालं. तिला सगळं माहीत होतं. तरी ती ऐकत राहिली, कारण कुणीतरी बोलत राहायला हवं होतं.

दुपारी शिंपीण आली. ताप गेलेला, चेहरा टवटवीत, खांद्यावर मूल. "माहेरी सगळे म्हणाले, तब्येत सुधारली," ती दारातूनच म्हणाली. "कशाला बोलावलंत ताई? पुन्हा नळी फुटली की काय?"

खात्रीबाईनंच रक्त घेतलं. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या की मी घेते, पण तिनं ऐकलं नाही. वीस मिनिटांत पट्टीवर दोन्ही रेघा आल्या. फिकट पहिली, ठळक दुसरी. शिंपिणीच्या शरीरानं आपलं काम केलं होतं. मापं घेऊन, बेतून, शिवून तयार ठेवलं होतं. फक्त विषाणू तोवर आत मुक्कामाला बसला होता.

मोठ्या बाईंनी सांगितलं. शिंपीण ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काहीच पोहोचत नव्हतं. तेवढ्यात मूल जागं झालं आणि रडायला लागलं. तिचा हात सवयीनं, तिच्या नकळत, कपड्याच्या बटणाकडे गेला.

"थांबा," खात्रीबाई म्हणाली.

शिंपिणीचा हात तिथेच राहिला. आता मात्र तिला समजलं. सगळं एकदमच समजलं. तिनं मुलाकडे पाहिलं, मग खात्रीबाईकडे. मूल रडतच होतं.

"त्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात ना," ती अगदी हळू म्हणाली. "काही नाही म्हणून."

"हो. मीच म्हणाले होते."

"मी विश्वास ठेवला."

"मीही ठेवला," खात्रीबाई म्हणाली. तिनं डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. त्यावर दिसण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, तरी तिनं तो दाखवला, आणि काय झालं ते सांगितलं. थोडक्यात. स्वतःची बाजू न घेता. लपवायचं कसं ठरवलं होतं तेही सांगितलं.

शिंपीण रडली नाही. तिला राग आला असणार, आणि तो यायलाच हवा होता, पण मूल ओरडत होतं आणि रागाला वेळ नव्हता. लांब्यानं बाटली आणली. मुलाला बाटली माहीत नव्हती. ते तोंड फिरवायचं, आईच्या छातीकडे झेपायचं. आईनं त्याला घट्ट धरलं की ते अजूनच झेपायचं. शेवटी खात्रीबाईनं मूल स्वतःकडे घेतलं. आईचा वास नसलेल्या खांद्यावर ते दोन मिनिटं आकांत करून थकलं, आणि मग बाटलीला लागलं. त्याच्या टाचेतून रक्त घेऊन झालं होतं. टाचेवर कापसाचा लहानसा बोळा चिकटवलेला होता. त्याचा कागद यायला आठवडा लागणार होता.

संध्याकाळी दोघींना औषधाच्या खिडकीशी पाठवलं. खिडकीतल्या माणसानं दोन सारख्याच डब्या सरकवल्या आणि पाण्याचे दोन पेले. रोज एक, ठरलेल्या वेळी, चुकवायची नाही, असं तो दोघींना मिळून एकदाच म्हणाला. दोघी समोरच्या बाकावर बसल्या, मध्ये झोपलेलं मूल.

शिंपिणीनं डबी उघडली. गोळी तळहातावर घेऊन ती बराच वेळ बघत राहिली.

"फार त्रास होतो का हो हिचा?" तिनं विचारलं. दुपारपासून ती खात्रीबाईशी पहिल्यांदाच बोलली होती.

"माहीत नाही," खात्रीबाई म्हणाली. "माझीही आज पहिलीच आहे."